विहिरीवर बसून केलेली तपासणी

तपासणीचा साहेब येणार असला की शाळेत सगळ्यात आधी काय होतं? फळ्यांना काळा रंग लागतो? पटांगण झाडलं जातं? छे. आधी मुख्याध्यापकाचं जेवण सुटतं. मी तपासायला गेलेल्या शाळांतल्या मुख्याध्यापकांचं एकूण घटलेलं वजन तराजूत टाकलं असतं, तर उदगीरच्या मोंढ्यातला धान्य तोलायचा काटा मोडला असता. माझं मात्र वाढलं. प्रत्येक शाळेत शिरा असायचा.

मी उपशिक्षणाधिकारी होतो. बाहेरच्या माणसाला या पदाचा अर्थ कळत नाही, तेव्हा सोपं करून सांगतो. गावात माध्यमिक शाळा असते, पाचवी ते दहावी. तिच्या डोक्यावर अकरावी-बारावी चढवलेली असते. त्या वरच्या दोन वर्गांना सरकारची मान्यता लागते आणि ती टिकवावी लागते. शाळा बरी चालली आहे का, खोल्या, शिक्षक, वाचनालय, प्रयोगशाळा, पाणी हे सगळं आहे का, हे बघून मी शिफारस करायची. हुकूम वरून यायचा, पण वरच्यांना वाचायचा कंटाळा. त्यामुळे माझी शिफारस हाच हुकूम.

शाळेची प्रत मोजायची म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं नाही. मी माझ्या खुणा ठरवल्या होत्या. चहा मांडलेल्या खोलीत आधी जायचंच नाही. थेट वर्गात घुसून शेवटच्या बाकावर बसायचं आणि तिथून फळा दिसतो का ते बघायचं. मास्तरच्या सदऱ्याला खडू लागलाय का ते बघायचं. प्रयोगशाळेतल्या टेबलावर डाग शोधायचे. डाग नसलेली प्रयोगशाळा म्हणजे धूर नसलेली चूल, तिथं काही शिजत नाही.

कारण दाखवायच्या वस्तू काय, उसन्या मिळतात. नांदेड जिल्ह्यात असताना हाडांचा एक सापळा मला शाळेमागून शाळेत भेटत गेला. मी पोचायच्या आधी तो बैलगाडीतून, चादर पांघरून पुढच्या शाळेत पोचलेला असायचा. शेवटी देगलूरकडच्या एका शाळेत मी त्याला रामराम घातला आणि विचारलं, ‘‘काय राव, पुन्हा बदली?’’ सापळ्यानं लाजून मान खाली घातली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्यांना खरं वाटत नसेल त्यांनी वाटून घेऊ नये. पुढची गोष्ट मात्र खरी आहे, निदान बरीचशी.

लातूर उस्मानाबादपासून वेगळं निघून नवा जिल्हा झालं, तेव्हा माझी तिकडे बदली झाली. नवा जिल्हा म्हणजे नवं लग्न झालेल्या माणसाचं बिऱ्हाड. पाट्या आल्या, खुर्च्या येत होत्या, टेबलं वाटेत होती. जिपेचं तर विचारूच नका. एक घोडी आणि वीस नवरदेव. आज शिक्षण खातं, उद्या शेतकी खातं, आणि कधी कधी दोन नवरदेव एकाच वेळी घोडीवर. त्यात पावसानं पाठ फिरवलेली. नद्यांच्या पात्रात पोरं गोट्या खेळत होती. मार्च लागला नाही तोवर कावळेसुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसू लागले.

अशा एका मार्चमध्ये उदगीरच्या पुढच्या एका गावाची तपासणी माझ्याकडे आली. गावाचं नाव सांगत नाही, विहीर अजून आहे. शाळेची अकरावी-बारावी विज्ञान शाखा नवीन होती आणि तिची मान्यता त्या वर्षी पक्की व्हायची किंवा जायची होती. माझ्यासोबत विज्ञानाचे तज्ज्ञ यायचे, पण जिपेत त्यांची जागा गेली. त्या जागेवर बसले नायब तहसीलदार कादरीसाहेब.

कादरीसाहेबांकडे टंचाईचं काम. कुठल्या गावाला टँकर चालू ठेवायचा नि कुठला बंद करायचा, हे ते फिरून ठरवत. नियम साधा होता. गावात जिवंत पाण्याची विहीर दिसली की टँकर बंद. माणूस सरळ, लाच तर दूरच, कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही. खिशात खडे असत. विहिरीत खडा टाकून, कान देऊन, आत किती परस, म्हणजे किती पुरुष उंचीचं पाणी आहे ते सांगत आणि ते वीतभरही चुकत नसे.

जिपेत म्हणाले, ‘‘गुरुजी, या मुलखात लोग पैसा दिखाते हैं, पानी छुपाते हैं. आपलं दोघांचं काम एकच. नाही ते आहे म्हणणाऱ्याला तुम्ही धरता. आहे ते नाही म्हणणाऱ्याला मी.’’

उदगीरला आम्ही पाय मोकळे करायला उतरलो आणि तिथंच घोटाळा झाला. त्या गावाला जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरनं कादरीसाहेबांना ओळखलं. एस.टी. आमच्या आधी सुटली.

त्या गावात त्या घटकेला काय झालं, हे मला दुपारनंतर कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे घाम फुटायला तुम्हीही सोबत असाल. शाळेच्या आवारात एक विहीर होती. आदल्या वर्षी मास्तर आणि पोरांनी मिळून ती खोल केली होती. तळाला बारीकसा झरा लागला. शाळेपुरता पुरायचा. गावानं हात घातला असता तर दोन दिवसांत तळाचा चिखल वर आला असता. म्हणून गावानं बसून ठरवलं होतं की विहीर शाळेला आणि गावाला टँकर. मुख्याध्यापक मठपती सर मला ती विहीर मिरवून दाखवणार होते, कारण पाणी नसेल तर विज्ञान शाखा नाही. आणि आता तीच विहीर कादरीसाहेबांना दिसली तर गावाचा टँकर जाणार होता. एका साहेबाला दाखवायची, दुसऱ्यापासून लपवायची, आणि दोन्ही साहेब एकाच जिपेत.

गावानं काय केलं असेल? विहिरीच्या तोंडावर सागवानी फळ्या टाकल्या. फळ्यांवर सतरंजी, सतरंजीवर टेबल, टेबलामागं खुर्च्या. वर ‘सुस्वागतम्’. आणि आम्हा दोघांना नेऊन बरोबर मधोमध बसवलं.

‘‘या साहेब, टेका,’’ सरपंच बाबाराव पाटील म्हणाले. धिप्पाड गडी, पण त्या दिवशी आवाज चिलटासारखा. ‘‘इथं हवा बरी हाय.’’

डोक्यावर ऊन असं की टोपीत भाकरी भाजावी. पलीकडे गर्द कडुलिंब होता. मी म्हणालो, ‘‘तिकडं सावलीत का नाही?’’

‘‘लिंबाखाली मुंगळे हायत साहेब. लई चावरे.’’

मठपती सर बाजूला उभे होते. उंच, काटकुळे, कपाळावरची विभूती घामानं ओघळून नाकाच्या शेंड्यावर आलेली.  आणि मला एक चमत्कार जाणवत होता. डोकं भट्टीत होतं, पण बुडाखालून गार वारा येत होता. मार्च महिन्यात, मराठवाड्यात, खालून गार वारा! मी आयुष्यात पुष्कळ खुर्च्यांवर बसलो, पण तितकी सुखाची खुर्ची सरकारनं मला पुन्हा दिली नाही.

मी उठून वर्गात गेलो. अकरावीत शेवटच्या बाकावर बसलो. फळा दिसत होता. मास्तरच्या सदऱ्याला खडू होता. शेजारच्या बाकावर महादेवी नावाची मुलगी होती, गावातल्या किराणा दुकानदाराची. तिच्या ओढणीला बारीक बारीक भोकं पडली होती, ॲसिडची. मी मनात म्हटलं, इथं शिजतंय.

‘‘काय गं, बारावीनंतर काय करणार?’’

‘‘बारावी हाय का साहेब?’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे?’’

‘‘तुम्ही वर्ग ठेवला तर बारावी. न्हाई ठेवला तर वैशाखात लगीन. उदगीरला ठेवून शिकवायला अण्णा न्हाई म्हणून राहिलेत. तेच बसलेत बघा फाटकाशी. तुमचं काय ठरतंय ते ऐकूनच पाव्हण्यांना निरोप धाडणार.’’

खिडकीतून पाहिलं. फाटकाच्या दगडावर पांढऱ्या टोपीतला एक माणूस दुकान बंद करून येऊन बसला होता. त्याची नजर माझ्यावर होती. विकायला आणलेल्या म्हशीचा सौदा ठरायची वाट बघत बसावं, तसा तो शांत.

मठपती सरांना आणि अकरावीतल्या काही मुलींना घेऊन प्रयोगशाळेत गेलो. टेबलांवर डागच डाग, हिरवे, निळे, काळे. माझं काळीज गार झालं. परीक्षानळ्या मात्र आरशासारख्या लख्ख. दुष्काळात इतर शाळांतल्या नळ्यांत कोळी जाळी विणून संसार करत होते, आणि इथल्या नळ्या आत्ता धुतल्यासारख्या.

‘‘सर,’’ मी मठपतींना म्हणालो, ‘‘एखादा प्रयोग करून दाखवू द्या मुलींना.’’

‘‘हाव साहेब...’’ ते म्हणाले आणि थांबले. खिडकीत कादरीसाहेब उभे होते. ‘‘पण... पाणी न्हाई.’’

‘‘नळ्या कशानं धुतल्या?’’

 मठपती सरांच्या गळ्यात बांधलेलं इष्टलिंग वरखाली झालं. महादेवीनं तोंड उघडलं, ‘‘सर, विहि—’’

‘‘गप!’’ ते ओरडले. त्या गरीब माणसाचा तो आवाज ऐकून पोरी भिंतीला चिकटल्या. मला कळलं. मघाचा गार वारा कुठून येत होता तेही कळलं.

आता माझी चाल ऐका. मी स्वतःला फार बेरकी समजत असे. मला वाटलं, विहिरीवरच्या त्या मंचावर जाऊन जरा आवाज चढवावा. मुख्याध्यापक घाबरून मला कोपऱ्यात घेतील, कानात खरं सांगतील, मी कादरीसाहेबांना गावातल्या विहिरी बघायला पाठवीन आणि गुपचूप विहीर बघून घेईन. म्हणून समारोपाला उभा राहिलो. समोर शाळा, शाळेमागं अर्धं गाव. शाल-श्रीफळ झालं होतं, आमच्या दोघांपुढं ताटात एकेक नारळ होता.

मी म्हणालो, ‘‘शिक्षक चांगले आहेत. मुलं हुशार आहेत. पण पाणी नाही. पाण्याशिवाय विज्ञानाचे वर्ग चालत नाहीत. मला शिफारस करता येणार नाही.’’

आणि थांबलो. मठपती सरांकडं पाहिलं. ते कोपऱ्यात घ्यायला येईनात. ते कादरीसाहेबांकडं बघत होते, मग गावाकडं बघितलं, आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांनी गावाचा टँकर निवडला होता. शाळा सोडून दिली होती, मुकाट्यानं, सगळ्यांसमोर. आणि मी बोलून बसलो होतो. आता मागं फिरायचं कसं? फाटकाशी पांढरी टोपी उठून उभी राहिली. धोतर झटकलं.

तेवढ्यात महादेवी मंचावर आली. ताटं उचलायला आली असावी. आभाराच्या वेळी मुलीच ताटं उचलतात. तिनं कादरीसाहेबांपुढचं ताट उचललं आणि नारळ कलंडला. टेबलावरून सतरंजीवर, सतरंजीवरून मागं, जिथं फळी संपून सतरंजी झोळीसारखी लोंबत होती तिथं गेला आणि सतरंजीच्या कडेच्या फटीतून दिसेनासा झाला. तिचा हात लागला, की तिनं लावला, हे मी आजपर्यंत ठरवू शकलो नाही.

 एक क्षण, दोन क्षण.

डुबूक.

कादरीसाहेबांची मान सावकाश वळली. ‘‘क्या गिरा जी?’’

‘‘काय न्हाई साहेब,’’ पाटील म्हणाले, ‘‘नारळ.’’

‘‘पाटील, नारळ जमिनीवर पडला तर ठक् वाजतो.’’ ते खुर्चीवरून उठले. डोळे मिटून त्यांनी तो आवाज पुन्हा मनात ऐकला. ‘‘दीड परस. जास्तच, कमी नाही. सतरंजी उचला.’’

कुणी हलेना. शेवटी मठपती सरांनीच वाकून कोपरा उचलला. फळी सरकवली. खाली काळंभोर, थंड पाणी होतं आणि त्यावर आमचा सत्काराचा नारळ डुलत होता.

मग जो गदारोळ उठला! पाटील मठपती सरांवर धावले. ‘‘सर, तुमच्या बारावीपायी गावाचा टँकर घालवला तुम्ही! बाया आता कुठं जातील, देगलूरला?’’ मागून बायकांचा आवाज उठला. कुणीतरी महादेवीला ‘‘आगलावी’’ म्हणालं. ती ताट छातीशी धरून उभी होती, पण खाली उतरत नव्हती.

‘‘कादरीसाहेब,’’ मठपती सर म्हणाले आणि त्यांचा आवाज आता स्वच्छ होता, ‘‘पाणी मी लपवलं. टँकर बंद करू नका. शाळेचा वर्ग बंद करा. गावाच्या तोंडचं काढून मला बारावी नको.’’

‘‘मैं क्या करूं, सर?’’ कादरीसाहेबांचा चेहरा पडला होता. ‘‘पाणी पाहिलं मी. आता डोळे काढून ठेवू? पिण्याजोगं पाणी असलं की टँकर नाही, नियम आहे.’’

पिण्याजोगं! त्या शब्दाला मी असा झोंबलो, जसा बुडता माणूस म्हशीच्या शेपटीला.

‘‘कोण म्हणतं पिण्याजोगं?’’ मी ओरडलो.  ‘‘महादेवी, प्रयोगशाळेचा पहिला नियम काय?’’

तिनं आधी माझ्याकडं वेड्यासारखं पाहिलं. मग पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, ‘‘प्रयोगशाळेतला कोणताही पदार्थ चाखू नये.’’

‘‘बरोबर! ही विहीर प्रयोगशाळेची आहे. आतलं पाणी हे प्रयोगाचं साहित्य आहे. जसं ॲसिड, जसं मोरचूद. आमच्या खात्याच्या नियमानं त्याला तोंड लावता येत नाही. बोला कादरीसाहेब, मोरचुदाची बाटली दिसली म्हणून तुम्ही टँकर बंद करता का?’’

असला नियम कुठंही छापलेला नव्हता, तो त्या क्षणी माझ्या जिभेवर जन्माला आला. पण मी तो अशा थाटात सांगितला की मलाच खरा वाटायला लागला.

कादरीसाहेबांनी पाण्यावरच्या नारळाकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण खोटं ते बोलणार नव्हते, आणि खोट्यावर सहीही करणार नव्हते. ‘‘म्हणजे,’’ ते हळू म्हणाले, ‘‘यातलं कोणी पिणार नाही?’’

‘‘कोणी नाही.’’

‘‘शाळेची मुलंही? मास्तरही?’’

 तोवर शाळेची पोरं तेच पाणी पीत होती. पण आता माघार कशी घ्यायची? ‘‘कोणीही नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मुख्याध्यापक?’’

मठपती सरांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. ‘‘थेंब न्हाई पिणार, साहेब. कुणी न्हाई.’’

‘‘ठीक. एक घागर पिण्यासाठी निघाली असं कळलं, की त्या दिवशी टँकर बंद. मी स्वतः येऊन बघीन.’’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘‘आणि तुमचं?’’

‘‘पाण्याची सोय आहे,’’ मी म्हणालो. ‘‘विज्ञान शाखेची शिफारस करतो.’’

पोरं ओरडली ती उदगीरच्या किल्ल्यापर्यंत ऐकू गेली असतील. फाटकाशी उभा असलेला पांढऱ्या टोपीवाला दुकानाकडं चालू लागला. पाव्हण्यांना त्यानं काय निरोप धाडला ठाऊक नाही, पण लग्नाचा धाडला नाही. आणि मी जिपेत बसून लातूरपर्यंत स्वतःची पाठ थोपटत आलो. एका दगडात किती पक्षी, म्हणून मोजत होतो.

वर्ग टिकला. जूनच्या शेवटी, नवी बारावी खरंच भरते का ते बघायला मी पुन्हा गेलो. पाऊस आलाच नव्हता. त्या दिवशी जीप दुसऱ्या नवरदेवाकडं होती. एस.टी.नं फाट्यावर उतरलो आणि उन्हातून चालत शाळेत पोचलो, तोवर जीभ टाळूला चिकटली होती.

मठपती सर धावत आले. खुर्ची दिली, पंख्यानं वारा घातला. पाणी देईनात. मी म्हणालो, ‘‘सर, पाणी.’’

त्यांनी घड्याळ पाहिलं. ‘‘टँकर येईलच साहेब. रांग लागली हाय.’’

मी हसलो. ‘‘अहो, विहीर आहे की.’’

‘‘न्हाई साहेब. ते रसायन हाय.’’

थट्टा करताहेत वाटून मी त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. नव्हतं. विहिरीवर लोखंडी जाळी होती, जाळीला कुलूप. कठड्याला गाल टेकून पाचवीची दोन पोरं बसली होती. गार लागतं म्हणून.

‘‘सगळा उन्हाळा?’’ मी विचारलं.

‘‘सगळा. लहान पोरं रडायची सुरुवातीला. पण थेंब न्हाई घेतला कुणी.’’

‘‘सर, मी तर त्या दिवशी वेळ निभावण्यापुरतं बोललो होतो!’’

‘‘आम्हाला काय ठावं साहेब?’’ ते सरळपणे म्हणाले. ‘‘तुम्ही बोललात, आम्ही पाळलं.’’



प्रयोगशाळेतून महादेवी बाहेर आली. बारावीची महादेवी. कोपरापर्यंत हात ओले, परीक्षानळ्या धुऊन आलेली. हात ओढणीला पुसले, कोपऱ्यातली घागर उचलली आणि फाटकाबाहेर रांगेत जाऊन उभी राहिली. मी उठलो आणि तिच्या मागं उभा राहिलो. अधिकारी म्हणून कुणी पुढं बोलावील असं वाटलं. कुणी बोलावलं नाही. बाबाराव पाटीलसुद्धा माझ्या मागंच होते, हंडा घेऊन.

टँकर आला. झोंबाझोंबी झाली, धक्के बसले. महादेवीची घागर भरली.

‘‘साहेब, तुमचं भांडं?’’

मी रिकामे हात दाखवले.

‘‘मग ओंजळ धरा.’’

मी रस्त्यातच वाकून ओंजळ धरली. तिनं घागर तिरकी केली. पाणी कोमट होतं, डिझेलचा वास मारत होतं. मी अधाशासारखा घटाघट ओढायला लागलो.

‘‘सावकाश घ्या साहेब,’’ ती म्हणाली, ‘‘हे प्यायचं हाय.’’